पन्नास माणसांची वाडी, दोन राज्यं आणि मधून ओढा: म्योडलारॉइट

न्यूर्नबर्गकर

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

जर्मनीत बव्हेरिया आणि थुरिंगिया या राज्यांच्या सीमेवर म्योडलारॉइट नावाची वाडी आहे. गाव म्हणणं जिवावर येतं, दोन्ही बाजू धरून पन्नासच्या आसपास माणसं. मधून टानबाख नावाचा ओढा जातो. कोरड्या दिवसांत शाळकरी पोर उडी मारून पलीकडे जाईल, एवढाच. अलीकडची घरं बव्हेरियातल्या ट्योपन ग्रामपंचायतीत, पलीकडची थुरिंगियातल्या गेफेल नगरपालिकेत. शीतयुद्धात याच ओढ्याकाठी पूर्व जर्मनीने काँक्रीटची भिंत बांधली होती, ७०० मीटर लांब आणि ३.३ मीटर उंच. अमेरिकन सैनिक या जागेला 'लिटल बर्लिन' म्हणायचे.

भिंत १९९० मध्ये पाडली, देश एक झाला, पण वाडी अजून दोन राज्यांत आहे. बव्हेरियातल्या घराचा पिनकोड ९ ने सुरू होतो, समोरच्या घराचा ० ने. फोनचा एरिया कोड वेगळा. गाड्यांच्या पाट्या वेगळ्या, इकडे हॉफ जिल्ह्याची, तिकडे झाले-ओर्ला जिल्ह्याची. शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या. सरपंचही दोन.

माझं मत स्पष्ट आहे: हा निव्वळ सरकारी आळस. पस्तीस वर्षांत एक कागद हलवता आला नाही का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दुसरा प्रश्न व्यवहारातला. ऑक्टोबरात आईबाबा येतायत. बाबांना इतिहासाचं वेड, आईचे गुडघे दुखतात. एवढ्या लांब न्यावं का, की राजवाडे आणि तळी दाखवून मोकळं व्हावं?

सईची_आई

विषय आवडला. खुर्ची टाकून बसले आहे.

टवाळ

पन्नास माणसांत दोन सरपंच! आमच्याकडे एवढ्या मतदारांत चार पॅनेल उभी राहतात आणि पाचवं नाराज होऊन घरी बसतं.

इतिहासवेडा_सातारा

@टवाळ, ते सरपंच त्या वाडीचे नाहीत, ट्योपन आणि गेफेलचे. वाडीला स्वतःचा कारभार नाहीच.

@न्यूर्नबर्गकर, तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, की ही फाळणी शीतयुद्धाने केली. सीमा त्याच्या कितीतरी आधीची आहे. हॉफचा मुलूख पूर्वी बायरॉइटच्या मार्गग्राफांकडे (तिथले संस्थानिक) होता. पुढे तो प्रशियाकडे गेला, मग नेपोलियनच्या फ्रेंचांकडे आणि १८१० मध्ये बव्हेरियाच्या राजाकडे आला. त्याच साली टानबाखच्या काठाने हद्दीचे दगड पुरले. एका बाजूला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला रॉइस नावाचं चिमुकलं संस्थान. दगडांवर दोघांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. राजे गेले, रॉइसही १९२० मध्ये नव्या थुरिंगियात विरघळलं, रेघ मात्र तिथेच राहिली.

गंमत अशी की या रेघेने सव्वाशे वर्षं कुणाचं काही बिघडवलं नाही. शाळा थुरिंगियाच्या बाजूला, दोन्हीकडची पोरं तिथेच शिकायची. गुत्ताही तिकडेच. चर्च बव्हेरियातल्या ट्योपनला, रविवारी दोन्हीकडची माणसं तिकडे. शेतं या बाजूची त्या बाजूला, लग्नं ओढ्याच्या आरपार. कर कुठे भरायचा एवढाच काय तो फरक.

बिघडलं ते १९४५ नंतर. वाडीत आधी अमेरिकन आले. जुलैमध्ये ते मागे गेले आणि सोव्हिएत सैन्य आलं, तेही काही काळ बव्हेरियाच्या बाजूच्या घरांतसुद्धा. नंतर ते ओढ्यापलीकडे सरकलं आणि तीच १८१० ची रेघ हरलेल्या जर्मनीच्या अमेरिकन आणि सोव्हिएत ताब्यातल्या विभागांची सीमा ठरली. लंडनमध्ये बसून विभाग आखणाऱ्यांनी जुन्या राज्यांच्या हद्दी उचलल्या. त्यांना टानबाख माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

१९४९ मध्ये दोन देश झाले, तरीही पास दाखवून ये-जा चालू होती. खरं दार बंद झालं १९५२ च्या मे महिन्यात. पूर्व जर्मनीने सीमेलगत १० मीटर रुंदीचा पट्टा नांगरून काढला (पावलाचा ठसा दिसावा म्हणून), मग ५०० मीटरचा संरक्षित पट्टा आणि त्यामागे ५ किलोमीटरचा निषिद्ध प्रदेश. वाडीत आधी फळ्यांचं कुंपण आलं, मग काटेरी तारा आणि शेवटी १९६६ मध्ये ती भिंत.

गोदाकाठ

अवांतर: आपलं नवापूर रेल्वे स्टेशन आठवलं. निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. तिथे बाकडंही दोन राज्यांत विभागलेलं आहे आणि लोक मधोमध बसून फोटो काढतात.

टवाळ

@गोदाकाठ, म्हणजे तिकीट मराठीत मागायचं आणि गाडी लेट झाली की तक्रार गुजरातीत. प्रवाशाची प्रगतीच आहे.

येनाची_मुक्ता

मी थुरिंगियात येना येथे राहते. या गावाच्या बहुतेक वर्णनांत पश्चिमेकडून भिंतीकडे बघणारा माणूस असतो, म्हणून थोडं पलीकडचं लिहिते.

पश्चिमेकडच्यांना भिंत म्हणजे बघायची वस्तू होती. बसेस भरून यायच्या, शाळांच्या सहली, सैनिक, मंत्री. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष, थोरले जॉर्ज बुश येऊन गेले आणि बर्लिनमध्ये 'मी बर्लिनर आहे' म्हणणाऱ्या केनेडींच्या थाटात 'मी म्योडलारॉइटर आहे' असं जर्मनमधून म्हणाले. पूर्वेच्या बाजूला मात्र सहल वगैरे विसरा, सख्खी बहीणसुद्धा परवान्याशिवाय भेटायला येऊ शकत नव्हती. गावकऱ्यांच्या ओळखपत्रात त्या पट्ट्यात राहण्याचा वेगळा शिक्का लागायचा. पाहुणा हवा तर आधी अर्ज, आणि तो मंजूर होईलच असं नाही. रात्री उशिरा घराबाहेर दिसायचं नाही. पलीकडून कुणी हात केला तर उलटा हात करायला बंदी. म्हणजे समोरच्या घरात चुलतभाऊ उभा दिसतोय आणि तुम्ही त्याला बघितलंच नाही असं दाखवायचं.

आणि एक गोष्ट, जी पर्यटकांच्या लिखाणात फार कमी येते: सक्तीचं स्थलांतर. १९५२ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये 'भरवशाचे नाहीत' असं ठरवलेल्या कुटुंबांना सगळ्या सीमापट्ट्यातून उचलून आतल्या भागात नेलं. दोन्ही मोहिमा मिळून अकरा-बारा हजार माणसं. पहिल्या मोहिमेला सरकारी कागदांत नाव काय दिलं होतं? 'उंगेत्सीफर'. घरातल्या उवा-ढेकणांसाठी वापरतात तो शब्द. सकाळी ट्रक दारात उभा आणि काही तासांत घर, गोठा, शेत सोडायचं. नव्या गावात आधीच बातमी पसरवलेली असायची की हे गुन्हेगार आहेत.

दक्षिण थुरिंगियात बिलमुटहाउझेन नावाचं एक छोटं खेडं होतं. सीमेच्या फार जवळ होतं म्हणून ते टप्प्याटप्प्याने पाडलं, १९७८ पर्यंत सगळं सपाट. तिथे आज दफनभूमी आणि एक स्मारक आहे. त्या मानाने म्योडलारॉइट नशीबवान, उभं तरी राहिलं.

सईची_आई

@मुक्ता, हात न करण्याचा तो भाग वाचून थांबले जरा.

कोल्हापुरी_तडका

पळून जायचा प्रयत्न कुणी केला नाही का? भिंत असली तरी गाव लहान, सगळ्यांना सगळ्या वाटा माहीत असणार.

इतिहासवेडा_सातारा

@कोल्हापुरी_तडका, केला. १९७३ मध्ये एक जण शिडी लावून भिंतीवरून उतरून गेला. पण वाटा माहीत असून उपयोग फारसा नव्हता. भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच मागे आणखी कुंपण, टेहळणी मनोरा, रात्रभर दिवे, कुत्री आणि गस्त. पाच किलोमीटर आधीपासूनच तपासणी, त्यामुळे बाहेरचा माणूस इथवर येणंच अवघड. शिवाय भिंतीच्या डोक्यावर गोल पाइप, धरायला पकड मिळू नये म्हणून.

अजून एक बारकावा. खरी सीमा ओढ्यात होती, भिंत तिच्या मागे, पूर्वेच्या हद्दीत बांधलेली. त्यामुळे पश्चिमेकडचा माणूस ओढा ओलांडून भिंतीला हात लावायला गेला, तर तो पूर्व जर्मनीत घुसलेला. म्हणून पश्चिमेच्या काठावरही 'थांबा, इथे सीमा' असे फलक होते.

वसंतकाका

मी ऐंशीच्या दशकात शिष्यवृत्तीवर लाइपझिगला होतो. नकाशावर अंतर फार नाही, पण या वाडीचं नाव मी तिथे असताना एकदाही ऐकलं नाही. ऐकणार कसं? सीमेच्या बाजूला जायचा विषय निघाला की वर्गातले जर्मन मित्र हवापाण्यावर बोलायला लागत. बर्लिनचा नकाशा विकत घेतला तर पश्चिम बर्लिनच्या जागी नुसता कोरा रंग, ना रस्ते ना नावं. पूर्वेत राहणारा माणूस या कोऱ्या जागेशी इतका सरावलेला असायचा की त्याबद्दल विनोदही हळू आवाजात करायचा.

मुक्ताताईंनी लिहिलंय त्यात भर घालतो. आम्ही परदेशी विद्यार्थी सुट्टीत पश्चिम बर्लिनला जाऊन येऊ शकायचो, भारतीय पासपोर्ट होता. परत येताना कुणासाठी कॉफी, कुणासाठी रेकॉर्ड. ज्याच्यासाठी आणली तो स्वतः आयुष्यात कधी जाऊ शकणार नाही असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि मग १ ऑक्टोबर १९८९ ला पूर्वेतून पळून प्रागच्या पश्चिम जर्मन वकिलातीत अडकलेल्या लोकांच्या गाड्या पूर्व जर्मनीतून धावत हॉफ स्टेशनात शिरल्या. हेच ते हॉफ, तुमच्या वाडीचं जवळचं शहर. मी तेव्हा पुण्यात परतलो होतो, बातम्यांत बघितलं. फलाटावर लोक कपडे, केळी, खेळणी घेऊन उभे होते.

चहाबाज

काका, लाइपझिगवर वेगळा धागा काढा. मागणी नोंदवून ठेवतो.

सईची_आई

+१

येनाची_मुक्ता

+१. आणि काका, कोऱ्या नकाशाबद्दल इथले पन्नाशीपुढचे सहकारी अगदी हेच सांगतात.

रानवाटा

सगळे भिंतीबद्दल बोलतायत, मी जरा जमिनीबद्दल लिहितो. मला त्या भागात भिंतीपेक्षा तीच जास्त आवडली.

हा फोग्टलांडचा प्रदेश. मोठे डोंगर नाहीत, पण सपाटही नाही. लांब लांब उतारांची शेतं, मध्ये स्प्रूसची काळपट बेटं, खोलगट भागात ओलसर कुरणं आणि त्यांतून जाणारे ओढे. टानबाख पुढे झाले नदीला मिळतो, झाले एल्बेला. खडक स्लेटचा, म्हणून जुन्या घरांची छपरं आणि कधीकधी वाऱ्याच्या बाजूच्या भिंतीही काळ्या स्लेटने मढवलेल्या. हवा थंड आणि वारा बोचरा. हॉफच्या भागाला बाकीचे बव्हेरियन 'बव्हेरियाचा सायबेरिया' म्हणतात, तेव्हा न्यूर्नबर्गकरांनी आईबाबांसाठी स्वेटर जास्तीचे घ्यावेत.

उपग्रहाच्या नकाशात जुनी सीमा आजही बऱ्याच ठिकाणी ओळखता येते. पश्चिमेकडे शेतांचे लहान लहान तुकडे, पूर्वेकडे सहकारी शेतीच्या काळात बांध मोडून केलेली अवाढव्य शेतं. बांध एकदा गेले की परत येत नाहीत, मालकी बदलली तरी.

आणि या दोन्हींच्या मधला पट्टा. चाळीस वर्षं तिथे कुणी नांगर घातला नाही, खत टाकलं नाही, घर बांधलं नाही. माणसांना मारण्यासाठी राखलेली जागा पक्ष्यांना फळली. कोबुर्गच्या बाजूचा काई फ्रोबेल नावाचा शाळकरी मुलगा सत्तरच्या दशकात दुर्बीण घेऊन सीमेवरचे पक्षी मोजायचा. त्याच्या लक्षात आलं की ब्राउनकेलशन हा कुरणांत घरटं करणारा लहान पक्षी शेतांतून जवळपास गेलाय, पण सीमेच्या पट्ट्यात हटकून दिसतो. कुंपणाचे खांब त्याला बसायला उत्तम.

पुढचं वाचा. ९ डिसेंबर १९८९ ला, बर्लिनची भिंत पडून महिना झाला असताना, हॉफमध्ये दोन्ही जर्मनींतले सुमारे ४०० निसर्गप्रेमी एकत्र जमले. फ्रोबेल त्यात होतेच. तिथे ठराव झाला की हा सगळा पट्टा 'ग्र्युनेस बांड', हिरवा पट्टा म्हणून राखायचा. १३९३ किलोमीटर, बाल्टिक समुद्रापासून चेक सीमेपर्यंत. रुंदी कुठे ५० मीटर, कुठे २००. त्यात १२०० पेक्षा जास्त दुर्मिळ किंवा धोक्यातल्या प्रजाती नोंदल्या गेल्यात. थुरिंगियाने आपल्या वाट्याचा ७६३ किलोमीटरचा भाग २०१८ मध्ये राष्ट्रीय निसर्गस्मारक जाहीर केला.

इतिहासवेडा_सातारा

@रानवाटा, तुम्ही दिलेली तारीख बघून उडालोच. म्योडलारॉइटच्या भिंतीत पायी जाण्यापुरती वाट उघडली तीही ९ डिसेंबर १९८९ लाच! बर्लिननंतर बरोबर एक महिन्याने. इकडे हॉफमध्ये सीमा राखायचा ठराव चाललाय आणि तिकडे पंधराएक किलोमीटरवर लोक त्याच सीमेतून पहिल्यांदा आरपार जातायत.

भिंत पाडली १७ जून १९९० ला, तीही बुलडोझर लावून. १७ जून म्हणजे १९५३ च्या पूर्व जर्मन उठावाचा दिवस, पश्चिमेत तेव्हा त्या दिवशी सुट्टी असायची. सगळी नाही पाडली, सुमारे १०० मीटर जागेवर ठेवली आणि तिच्याभोवती संग्रहालय उभं राहिलं.

कोल्हापुरी_तडका

'माणसांना मारण्यासाठी राखलेली जागा पक्ष्यांना फळली' हे वाक्य मला पटत नाही. हे असं सुंदर करून सांगणं बरोबर नाही. तिथून हाकललेल्यांच्या नातवंडांना विचारा, त्यांची शेतं परत हवीत की ब्राउनकेलशन.

रानवाटा

@कोल्हापुरी_तडका, विचारलेलं आहे, आणि हा वाद खराच झालाय. १९९० नंतर जुन्या मालकांनी जमिनी परत मागितल्या. काहींनी परत घेऊन नांगरल्या, काहींच्या निसर्ग संघटनांनी विकत घेतल्या, काही सरकारकडे राहिल्या. त्यामुळे हिरवा पट्टा सलग नाही, मध्ये मध्ये तुटलाय. शेतकऱ्याला दोष देता येत नाही आणि पक्ष्यालाही नाही. पण आहे ते वाचवायचं की नाही, याचं उत्तर मी 'वाचवायचं' असंच देईन. सुंदर करून सांगायचा हेतू नव्हता.

मराठवाडी_ठेचा

मला आपली जिवती तालुक्यातली चौदा गावं आठवली. महाराष्ट्र आणि तेलंगण, दोघांचाही दावा. लोकांकडे दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. महाराजगुड्यात तर एका घरातून सीमा जाते, स्वयंपाकघर तेलंगणात आणि निजायच्या खोल्या महाराष्ट्रात अशी बातमी सगळ्यांनी बघितली असेल. तिथल्या लोकांना दोन्ही सरकारांच्या योजना मिळतात आणि दोन्ही सरकारं रस्ता मात्र एकमेकांवर ढकलतात. तेव्हा दोन राज्यांत असणं म्हणजे नुसता तोटाच नसतो.

न्यूर्नबर्गकर

@मराठवाडी_ठेचा, तो वादच वेगळा, तिथे एकाच जागेवर दोन राज्यं हक्क सांगतात. इथे हद्दीवर वाद नाही आणि तरी गैरसोय आहे. माझा मूळ प्रश्न अजून तसाच.

@रानवाटा, @मुक्ता, @इतिहासवेडा, फारच दणदणीत माहिती. बाबांना धाग्याची लिंक पाठवली. त्यांचा उलट निरोप: 'वसंतकाका पुण्यात कुठे असतात ते विचार.'

वसंतकाका

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बाबांना चहाला बोलावतो.

टवाळ

मूळ प्रश्नाला उत्तर येण्याआधी खाण्याचा मुद्दा उरकून घेऊ. तिकडे मिळतं काय?

येनाची_मुक्ता

@टवाळ, हॉफच्या बाजारात 'वेर्श्टलामो' शोध. पितळी भांडं घेऊन रस्त्यावर उभे असतात, खाली निखारे आणि आत गरम सॉसेज. हॉफची खास परंपरा आहे. शाकाहारी असशील तर बटाट्याचे उकडलेले गोळे. पण ते फ्रँकोनियाचे (म्हणजे बव्हेरियाच्या या उत्तर भागाचे) चांगले की थुरिंगियाचे, हा वाद इथे काढू नकोस. थुरिंगियात यावर लोक घरातल्या आजीच्या वतीने भांडतात.

न्यूर्नबर्गकर

वाद कसला, फ्रँकोनियाचेच.

येनाची_मुक्ता

झालं सुरू! थुरिंगियाच्या गोळ्यात कच्चा किसलेला बटाटा जास्त, मध्ये तळलेले पावाचे तुकडे. तुमच्याकडचे निम्मे तर पाकिटातले असतात.

कायद्याचं_बोला

गोळे बाजूला ठेवून मूळ मुद्द्याकडे येतो.

जर्मन राज्यघटनेच्या कलम २९ मध्ये राज्यांच्या सीमा बदलण्याची तरतूद आहे. सर्वसाधारण मार्ग लांबलचक: केंद्रीय कायदा, मग सार्वमत. पण त्याच कलमाच्या सातव्या उपकलमात सोपी वाट आहे. बदलणाऱ्या भागात ५०,००० पेक्षा जास्त लोक राहत नसतील, तर दोन राज्यांनी आपसात करार करून सीमा हलवता येते. पन्नास हजार, पन्नास नव्हे. म्हणजे म्योडलारॉइटसाठी कायद्याची अडचण अजिबात नाही.

ही वाट वापरलीही गेली आहे. एल्बेच्या उजव्या काठावरचा आम्ट नॉयहाउस हा भाग जुन्या हानोव्हरचा, पण १९४५ मध्ये नदीपलीकडे असल्यामुळे सोव्हिएत विभागात गेला. एकीकरणानंतर तो मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात आला. लोकांनी जुन्या राज्यात जायची मागणी लावून धरली, दोन्ही राज्यांनी करार केला आणि ३० जून १९९३ ला तो भाग नीडरझाक्सनमध्ये (जुनं हानोव्हर आता याच राज्यात आहे) परत गेला. म्हणजे मागणी असली तर एकीकरणानंतर तीन वर्षांच्या आत काम होतं. @न्यूर्नबर्गकर, 'सरकारी आळस' हे निदान म्हणूनच पटत नाही.

फरक कुठे आहे ते बघा. नॉयहाउसला १९४५ ची चूक दुरुस्त करायची होती. म्योडलारॉइटमध्ये १९४५ ने नवीन रेघ काढलीच नाही, इतिहासवेडांनी वर लिहिलंय तसं. भिंत गेल्यावर लोकांना जे परत मिळालं ते १९४५ आधीचंच गाव. अर्धं इकडे, अर्धं तिकडे आणि मधून ये-जा. एकत्र करायचं तर एकाने आपलं राज्य सोडायला हवं, मग सोडायचं कुणी? बव्हेरियाच्या माणसाला थुरिंगियन हो म्हणून बघा बरं.

येनाची_मुक्ता

किंवा उलट. थुरिंगियाच्या लोकांना १९९० नंतर 'पश्चिमेत विलीन व्हा' हे इतक्या बाबतींत ऐकावं लागलंय की निदान राज्य तरी आपलं राहू दे असं वाटत असेल, तर मला नवल नाही. नमस्कार करताना पलीकडे ग्र्युस गॉट म्हणतात, इकडे गुटेन टाग, आणि कुणी कुणाला सुधारत नाही.

चहाबाज

सुट्ट्यांचा फायदाही बघा. बव्हेरियात ६ जानेवारीला सुट्टी, थुरिंगियात नाही. थुरिंगियात ३१ ऑक्टोबरला सुट्टी, बव्हेरियात १ नोव्हेंबरला. घर एका बाजूला, नोकरी दुसऱ्या बाजूला असेल तर सुट्टी नोकरीच्या राज्याची. म्हणजे नवरा-बायको दोन राज्यांत कामाला असली की एकाला सुट्टी आणि दुसऱ्याला डबा.

न्यूर्नबर्गकर

@कायद्याचं_बोला, नॉयहाउसचं उदाहरण जोरदार आहे, आळसाचा मुद्दा त्याने बराच सैल होतो. तरी माझं म्हणणं एवढं उरतंच: सीमा ठेवा, पण रुग्णवाहिका, शाळेची बस, बर्फ काढणारा ट्रॅक्टर यांचा तरी एक हिशोब असावा. पन्नास माणसांसाठी सगळं दोन-दोन कशाला?

कायद्याचं_बोला

त्यासाठी सीमा हलवायची गरजच नाही. शेजारच्या ग्रामपंचायतींनी आपसात करार करायचा, राज्यं वेगळी असली तरी चालतं. तुमची मागणी योग्य, पत्ता चुकीचा.

रानवाटा

@न्यूर्नबर्गकर, आईबाबांना जरूर न्या. संग्रहालयाचा बराचसा भाग उघड्यावर आहे: भिंत, कुंपण, मनोरा. गेफेलच्या बाजूने थोडं वर चढलं की पूर्ण वाडी एका नजरेत दिसते, बाबांना तिथे उभं करा. आईला मात्र गस्तीच्या जुन्या रस्त्यावर चालवू नका. तो काँक्रीटच्या भोकं असलेल्या फरशांचा आहे, भोकांत गवत वाढलेलं असतं आणि पाय हमखास मुरगळतो. ३ ऑक्टोबर, म्हणजे एकीकरणाचा दिवस, टाळा, गर्दी असते. हॉफपर्यंत रेल्वे सोयीची आहे, पुढे रविवारी बसवर विसंबू नका, टॅक्सी किंवा भाड्याची गाडी बघा.

इतिहासवेडा_सातारा

वाहनाने जात असाल तर युखह्योवरून जा. ट्योपनजवळच आहे. महामार्गावरचा झालेचा पूल युद्धात उडवल्यामुळे १९५१ ते १९६६ पर्यंत म्युनिक-बर्लिन वाहतूक या आडगावच्या नाक्यावरून जायची. पूल दुरुस्त झाला आणि नाका एका झटक्यात ओस पडला.

कोल्हापुरी_तडका

एल्बेचा विषय निघालाच आहे तर र्युटरबेर्गबद्दल कुणी लिहिणार का? मेक्लेनबुर्गमधलं एल्बेकाठचं खेडं. पुढे सीमेचं कुंपण, मागे गावाचं वेगळं कुंपण, एकच फाटक आणि ते रात्री अकरानंतर बंद. वैतागून गावसभेने ८ नोव्हेंबर १९८९ ला स्वतःला 'ग्रामप्रजासत्ताक' जाहीर केलं. कल्पना गावातल्या एका शिंप्याची होती.

टवाळ

८ नोव्हेंबरला? आणि ९ ला बर्लिनची भिंत पडली? म्हणजे एक दिवसाचं राष्ट्र! मंत्रिमंडळाचा शपथविधी तरी उरकला का?

कोल्हापुरी_तडका

वेशीवरची ग्रामप्रजासत्ताकाची पाटी पुढेही बरीच वर्षं तशीच होती. उद्या सवडीने वेगळा धागा काढतो, इथे गोळ्यांची भांडणं मिटू देत आधी.

येनाची_मुक्ता

ती मिटणार नाहीत. तू धागा काढ.